गेम कन्सोलचा प्रोसेसर आणि सिस्टिमचा वाटा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्वीत माझं छोटं गेम पार्लर आहे. बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतली पोरं येतात, तासाच्या हिशोबाने खेळतात आणि जाताना कुणीतरी हमखास विचारतं, "भाऊ, याचा प्रोसेसर त्याच्यापेक्षा भारी हाय, मंग गेम काऊन अटकते?" गल्ल्यावर बसून याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही. कन्सोल घ्यायला घरचे सोयाबीनचे किंवा कापसाचे पैसे बाजूला काढतात, म्हणून ते अर्धवट द्यावंसंही वाटत नाही. तेच इथे सविस्तर लिहिलं आहे.

खोक्यावर लिहिलेला अख्खा प्रोसेसर गेमला मिळतो का?

नाही. आजच्या कुठल्याच कन्सोलवर मिळत नाही. खोक्यावर आठ कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले वेगवेगळं काम करणारे आठ भाग, लिहिले असले तरी एक-दोन कोअर कन्सोलची स्वतःची सिस्टिम, म्हणजे मेन्यू-डाउनलोड सांभाळणारं आतलं सॉफ्टवेअर, ठेवून घेते. मेमरीतलाही एक हिस्सा गेम सुरू व्हायच्या आधीच बाजूला निघालेला असतो.

जिनिंग पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळतं. क्विंटलभर कापूस आत गेला की रुई निघते साधारण ३४-३५ किलो. बाकीची सरकी, थोडी घट. काट्यावर वजन क्विंटलचं झालं, पण गाठ बांधली जाते ती रुईची. सरकी काही वाया जात नाही, तिचं तेल निघतं, ढेप होते. सिस्टिमचा वाटाही तसाच कामी येतो. फक्त दोन कन्सोल समोर ठेवले की काट्यावरच्या वजनाची तुलना करू नका, रुईची करा.

पण सिस्टिमने आधीच वाटा का काढून ठेवायचा? लागेल तेव्हा घेतला तर?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

गेम सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे ६० चित्रांनी, चालतो म्हणजे सेकंदाचे ६० तुकडे होतात. प्रत्येक तुकडा १६.६७ मिलिसेकंदांचा. तेवढ्या वेळात कंट्रोलरचं बटण वाचायचं, समोरचा खेळाडू कुठे पळतोय ते ठरवायचं, गाडी कशी आदळली याचं गणित करायचं आणि चित्र काढून टीव्हीकडे पाठवायचं. हे काम १६ मिलिसेकंदांत आटपलं तर ठीक. १८ लागले तर टीव्हीची ती फेरी चुकते आणि पडद्यावर आधीचंच चित्र पुन्हा दिसतं. आपण ज्याला "अटकलं" म्हणतो ते हेच.

आता समजा सिस्टिमने ठरलेला वाटा घेतलाच नाही. मधेच डाउनलोड आलं, मित्राचा मेसेज आला, तेवढ्यापुरता तिने प्रोसेसर ओढून घेतला. बहुतेक वेळा गेमला सगळं मिळेल, पण नेमक्या गर्दीच्या क्षणी तीन मिलिसेकंद कापले जातील. गेम लिहिणाऱ्याला हे आधी कळायला काहीच मार्ग नाही. कॅनॉलची पाळी कमी तासांची असली तरी दिवस ठरलेला असेल तर ओलिताचं नियोजन करता येतं. कधीही येणाऱ्या, कधीही बंद होणाऱ्या पाण्याच्या भरवशावर कुणी गहू पेरत नाही. कन्सोलचं बळ या ठरलेपणात आहे. वाटा थोडा मोठा असला तरी चालेल, तो पक्का हवा.

बाजूला काढलेल्या भागात चालतं तरी काय?

गेम चालू असताना मधलं बटण दाबलं की मेन्यू क्षणात उघडतो. मित्रांशी बोलणं, डाउनलोड, ट्रॉफी, दुकान, खेळाचं रेकॉर्डिंग, हे सगळं त्या हिश्श्यात बसलेलं असतं. प्लेस्टेशन ४ तर न सांगताही शेवटची १५ मिनिटं सतत रेकॉर्ड करून ठेवतो.

वाटा पुरेसा ठेवला नाही तर काय होतं हे प्लेस्टेशन ३ वर दिसलं. २००६ च्या त्या कन्सोलमध्ये २५६ एमबी मुख्य मेमरी आणि २५६ एमबी ग्राफिक्सची. वेगवेगळे गेम खेळणाऱ्या मित्रांना एकमेकांशी बोलता येण्याची सोय एक्सबॉक्स ३६० वर होती, प्लेस्टेशन ३ वर ती शेवटपर्यंत आली नाही. तेवढी मेमरी सिस्टिमकडे उरलीच नव्हती.

मग कुठल्या कन्सोलवर गेमला किती उरतं?

जुन्यापासून घेऊ, म्हणजे ओघ दिसेल.

प्लेस्टेशन ३ च्या सेल प्रोसेसरमध्ये एक मुख्य कोअर आणि आठ छोटे सहायक कोअर होते. आठांतला एक कारखान्यातच बंद ठेवलेला, एक सिस्टिमला, गेमला सहा. एक्सबॉक्स ३६० मध्ये तीन कोअर, ५१२ एमबी मेमरी, आणि सिस्टिमचा हिस्सा अवघा ३२ एमबी.

२०१३ साली प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन आले. दोन्हींत एएमडी कंपनीचे जॅग्वार जातीचे आठ कोअर, दोन्हींत ८ जीबी मेमरी. सुरुवातीला दोन्हींवर दोन कोअर सिस्टिमकडे आणि सहा गेमकडे. एक्सबॉक्स वनमध्ये ३ जीबी मेमरी सिस्टिमला राखलेली होती. ३२ एमबीवरून ३ जीबी! आठच वर्षांतला हा फरक आहे. कारण एक्सबॉक्स वनमध्ये एकावर एक अशा तीन सिस्टिम होत्या: तळाशी दोघांना सांभाळणारा हायपरव्हायझर, त्यावर फक्त गेमसाठीची एक सिस्टिम, आणि शेजारी ॲप चालवणारी विंडोजच्या घराण्यातली दुसरी. प्लेस्टेशन ४ ची सिस्टिम फ्रीबीएसडी या सगळ्यांना खुल्या असलेल्या सिस्टिमवरून घडवलेली, रचनेने साधी. कन्सोल झोपलेला असताना डाउनलोड सांभाळायला तिच्या सोबतीला एक वेगळी छोटी चिपही दिलेली होती.

एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये एएमडीच्याच नव्या झेन २ जातीचे आठ कोअर आहेत. एक सिस्टिमला, सात गेमला. १६ जीबी मेमरीतली १३.५ जीबी गेमला. एका पिढीत सिस्टिमचा हिस्सा ३ वरून २.५ जीबीवर आला आणि एकूण मेमरी दुप्पट झाली, हे काम मला मनापासून आवडलं. सोनीने प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये वेगळी वाट काढली. सिस्टिमसाठी २ जीबी डीडीआर५ मेमरी स्वतंत्र बसवली आणि त्यामुळे वेगवान मेमरीतला एक जीबीहून जास्त भाग गेमसाठी मोकळा झाला. वाड्यातली एक खोली पाहुण्यांत अडकत होती, म्हणून अंगणात साधी खोली बांधून दिली, तसं.

निंटेंडो स्विचमध्ये चार कोअर, तीन गेमला. मेमरी ४ जीबी, त्यातली सुमारे ३.२ जीबी गेमला. सिस्टिम इतकी हलकी की मेन्यू दिसायला उघडाबोडका वाटतो, पण १०२० मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर दुसरं परवडणारं नव्हतं. २०२५ च्या स्विच २ मध्ये आठांतले सहा कोअर आणि १२ पैकी ९ जीबी गेमला. वाटा वाढला, कारण आता सिस्टिमला मित्रांशी व्हिडिओवर बोलणंही सांभाळायचं आहे.

जास्त गिगाहर्ट्झ म्हणजे जास्त वेग, बरोबर ना?

एकाच जातीच्या दोन प्रोसेसरमध्ये बरोबर. वेगवेगळ्या जातींत नाही.

प्लेस्टेशन ३ चा प्रोसेसर ३.२ गिगाहर्ट्झचा आणि प्लेस्टेशन ४ चा १.६ चा. आकडा निम्म्यावर आला, तरी गेम पुढे गेले. गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती ठोके पडतात ते. एका ठोक्यात किती काम उरकतं हे त्यात येत नाही. विळ्याचे हात भरभर चालले म्हणून हार्वेस्टरइतकं रान कापून होत नाही.

प्लेस्टेशन ५ मध्ये ३.५ गिगाहर्ट्झपर्यंत आणि सिरीज एक्समध्ये ३.८, किंवा प्रत्येक कोअरला दोन कामं दिली तर ३.६६. दोन्ही झेन २, म्हणून इथे आकडे शेजारी ठेवता येतात, आणि ठेवले तर फरक फार थोडा निघतो. जॅग्वारवरून झेन २ वर आल्यावर मात्र ठोकेही दुपटीहून जास्त झाले आणि दर ठोक्याचं कामही वाढलं. प्लेस्टेशन ४ वर ३० फ्रेमने धापा टाकणारे कितीतरी गेम प्लेस्टेशन ५ वर ६० ने चालतात, त्याचं मोठं श्रेय या प्रोसेसरला आहे.

प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन, दोघांत प्रोसेसर कुणाचा चांगला?

दोन्ही जुने कन्सोल आता स्वस्तात मिळतात, म्हणून हा प्रश्न आजही येतो. या प्रश्नाने मला स्वतःला पैशाला मुकवलं आहे. पहिला कन्सोल मी शहरातल्या एका दुकानातून जुना घेतला. दुकानदार म्हणाला, "दोन्हीत आठ कोअर, दोन्हीत आठ जीबी, सारखेच आहेत, हा स्वस्त पडतो." मी एक्सबॉक्स वन घेऊन आलो. घरी जोडला तेव्हा मित्राकडच्या प्लेस्टेशन ४ वरचा तोच गेम जास्त रेखीव दिसत होता. चित्रातली झाडाची पानं त्याच्याकडे सुटी सुटी, माझ्याकडे एकात एक मिसळलेली.

गंमत म्हणजे प्रोसेसर एक्सबॉक्स वनचाच वेगवान होता: १.७५ गिगाहर्ट्झ, समोर १.६. गेम बनवणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीच्या तंत्रज्ञांनी २०१४ साली याची एक सुंदर मोजणी मांडली होती. नाचणाऱ्या बाईच्या अंगावरचं कापड कसं हलेल याचं गणित पाच मिलिसेकंदांत किती नर्तकींसाठी होतं, हे त्यांनी प्रत्येक कन्सोलवर पाहिलं. फक्त प्रोसेसरवर एक्सबॉक्स वनने ११३ नर्तकी सांभाळल्या, प्लेस्टेशन ४ ने ९८. जुन्या प्लेस्टेशन ३ ने १०५! एक्सबॉक्स ३६० ने ३४.

जरा थांबून पाहा. १.७५ आणि १.६ मध्ये फरक ९ टक्क्यांचा, पण ११३ आणि ९८ मध्ये १५ टक्क्यांचा. सारख्याच कोअरवर नुसत्या ठोक्यांनी हा हिशोब पुरा होत नाही. कोअरवर बसलेलं सॉफ्टवेअरही वेगात मोजलं जातं, असा मी याचा अर्थ लावतो. आणि नवा प्लेस्टेशन या एका कामात आपल्याच जुन्या भावाच्या मागे राहिला, कारण सेलचे ते सहा छोटे कोअर अशाच गणितासाठी घडवलेले होते.

मग हेच काम ग्राफिक्सच्या चिपवर टाकलं. प्लेस्टेशन ४ वर १६०० नर्तकी, एक्सबॉक्स वनवर ८३०. सगळा निकाल उलटा. प्लेस्टेशन ४ च्या ग्राफिक्सची ताकद १.८४ टेराफ्लॉप, एक्सबॉक्स वनची १.३१ (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी). मेमरीचा वेग सेकंदाला १७६ जीबी विरुद्ध ६८, आणि ही उणीव भरायला एक्सबॉक्सने ३२ एमबीचा छोटा वेगवान कप्पा दिला होता, तो पुरत नसे. माझ्या टीव्हीवरची मिसळलेली पानं तिथून आली होती. तेव्हा कुणी "प्रोसेसर कुणाचा चांगला" विचारलं की मी विचारतो, कुठल्या कामासाठी?

टेराफ्लॉप म्हणजे नेमकं काय, आणि १२ टेराफ्लॉपवाला १० वाल्याला हरवतो का?

हिशोब शाळेतल्या गुणाकाराचा आहे. ग्राफिक्स चिपमधल्या गणन एककांची संख्या, गुणिले ६४, गुणिले २, गुणिले घड्याळाचा वेग. प्लेस्टेशन ५: ३६ × ६४ × २ × २.२३ गिगाहर्ट्झ, येतात १०.२८ टेराफ्लॉप. सिरीज एक्स: ५२ × ६४ × २ × १.८२५, येतात १२.१५. तिची स्वस्त बहीण सिरीज एस: २० × ६४ × २ × १.५६५, म्हणजे ४. वहीत एकदा करून पाहा, जाहिरातीतला आकडा कुठून आला हे दिसलं की त्याची भीड राहत नाही.

कागदावर सिरीज एक्स १८ टक्के पुढे. फक्त आकडेमोडीचा भार असेल तिथे ही आघाडी खरोखर दिसते. २०२१ मध्ये गेमची तांत्रिक तपासणी करणाऱ्या डिजिटल फाउंड्रीने 'कंट्रोल' या गेमच्या फोटो मोडमध्ये (खेळ थांबवून चित्र टिपायची सोय) दोन्ही कन्सोल तपासले तेव्हा सिरीज एक्स सरासरी सुमारे १६ टक्के पुढे निघाला. पण प्रत्यक्ष खेळताना बऱ्याच गेममध्ये दोघे बरोबरीत असतात, कधी प्लेस्टेशन पुढे. कारणं तीन सांगतो. प्लेस्टेशनची एककं कमी असली तरी घड्याळ जास्त वेगाचं, त्यामुळे टेराफ्लॉपमध्ये न मोजली जाणारी बाकीची यंत्रणाही जलद चालते. सिरीज एक्सची मेमरी दोन वेगांची आहे, १० जीबी सेकंदाला ५६० जीबीच्या वेगाने आणि ६ जीबी ३३६ च्या, तर प्लेस्टेशनची सगळी १६ जीबी ४४८ ची, त्यामुळे गेम लिहिणाऱ्याला कुठलं सामान कुठे ठेवायचं याचा कमी विचार करावा लागतो. तिसरं, सुरुवातीच्या काळात एक्सबॉक्सची गेम बनवायची साधनं नवी होती, त्यामुळे २०२० च्या शेवटी आलेले काही गेम ताकद असूनही तिथे मागे पडले.

या दोघांत प्रोसेसरवरून निवड करू नका, असं मी स्पष्ट सांगतो. मित्र कुठल्या कन्सोलवर आहेत ते पाहा.

सिरीज एस स्वस्त आहे. प्रोसेसर तर जवळपास तोच, मग अडचण काय?

अडचण मेमरीची. प्रोसेसर खरंच जवळपास तोच आहे, ३.६ गिगाहर्ट्झ. पण मेमरी १० जीबी, त्यातली वेगवान ८. सिस्टिमला आपली कामं छोट्या कन्सोलवरही तेवढीच करायची असतात, तिचा वाटा त्या प्रमाणात लहान होत नाही. मोठ्या घरात दोन पाहुणे आले तर कळत नाही, दोन खोल्यांच्या घरात आले की पोरं पडवीत झोपतात.

'बाल्डर्स गेट ३' चं उदाहरण सगळ्यात बोलकं. हा गेम डिसेंबर २०२३ मध्ये एक्सबॉक्सवर आला, पण सिरीज एसवर पडदा विभागून दोघांनी खेळायची सोय काढून टाकावी लागली. प्लेस्टेशन ५ आणि सिरीज एक्सवर ती होती. ही सोय सिरीज एसवर यायला एप्रिल २०२५ उजाडला. एका टीव्हीसमोर दोन भाऊ बसणाऱ्या आपल्या घरांत हा फरक किती मोठा आहे! मायक्रोसॉफ्टने त्याआधी, जून २०२२ मध्ये, सिस्टिमकडची काहीशे एमबी मेमरी सोडवून सिरीज एसच्या गेमना दिली होती. ही सोडवणूक झाली नसती तर चित्र आणखी वाईट असतं.

म्हणजे सिस्टिमचा वाटा नंतर कमीही होतो?

होतो, आणि कन्सोल विकत घेतल्यावर फुकट मिळणारी ही वाढ आहे. एक्सबॉक्स वनमध्ये ग्राफिक्सच्या ताकदीतला १० टक्के हिस्सा किनेक्ट कॅमेरा आणि सिस्टिमसाठी राखीव होता. जून २०१४ मध्ये तो गेमना वापरायला मोकळा केला, आणि 'डेस्टिनी' एक्सबॉक्स वनवरही पूर्ण १०८० रेषांत आला. पुढे सातव्या कोअरचाही ५० ते ८० टक्के भाग गेमना खुला झाला. प्लेस्टेशन ४ वर सातवा कोअर अंशतः मोकळा झाल्याचं २०१५ च्या अखेरीस समोर आलं. प्लेस्टेशन ३ च्या सिस्टिमनेही वर्षागणिक आपली मेमरी आवळत नेली.

डाउनलोड चालू असलं की गेम हळू होतो का?

गेम नाही, डाउनलोड हळू होतं. एक्सबॉक्स तर गेम चालू असला की डाउनलोडचा वेग मुद्दाम आवळतो. डाउनलोडच्या रांगेच्या पानावर गेम तात्पुरता थांबवायचं बटण आहे, ते दाबलं की डाउनलोड लगेच उचल घेतं.

आपल्याकडे खरा प्रश्न वेगळा आहे. गेम १०० जीबीचा आणि रिचार्ज दिवसाला २ जीबीचा, म्हणजे ५० दिवस. ज्यांच्या गावात फायबर पोचलेलं नाही त्यांनी डिस्कचा ड्राइव्ह असलेलाच कन्सोल घ्यावा. सिरीज एसला ड्राइव्ह नाही. जागेचा हिशोबही आधी करा: पहिल्या प्लेस्टेशन ५ च्या ८२५ जीबीतली ६६७ वापरायला मिळते, सिरीज एक्सच्या १ टीबीतली ८०२, सिरीज एसच्या ५१२ जीबीतली ३६४. इथेही रुई वेगळी आणि कापूस वेगळा.

मे महिन्यात कन्सोलचा प्रोसेसर हळू होतो का?

मोबाईल होतो, कन्सोल होत नाही.

उन्हात मोबाईल तापला की तो स्वतःचा वेग उतरवतो, पोरांना ते माहीत आहे. म्हणून कन्सोलचंही तसंच असेल असं वाटतं. पण प्लेस्टेशन ५ चे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ ची रचना समजावताना सांगितलं की त्याच्या घड्याळाचा वेग चिप किती काम करते आहे यावरून ठरतो, खोलीच्या तापमानावरून नाही. त्यामुळे जानेवारीत शिमल्यात आणि मे मध्ये वर्ध्यात गेम सारखाच चालतो. एक्सबॉक्सचे वेग तर पक्केच बांधलेले आहेत. उन्हाळ्याचा भार येतो तो पंख्यावर. पंखा वाढतो, वाढतो, आणि तरीही भागलं नाही तर पडद्यावर सूचना येऊन कन्सोल बंद होतो.

प्लेस्टेशन ५ च्या कागदपत्रांत वापराचं तापमान ५ ते ३५ अंश दिलेलं आहे. आपल्याकडे मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाच्या खोलीत दुपारी तीन वाजता बसणं माणसालाही झेपत नाही. तेव्हा खेळ सकाळी नाहीतर रात्री. कूलर लावा, पण त्याची हवा सरळ कन्सोलवर घेऊ नका. नवी खस भरलेल्या कूलरमधून हवेबरोबर पाण्याचे बारीक थेंब येतात, हात समोर धरला की लागतात. ते कन्सोलच्या आत गेलेले नको.

आणि धूळ. एका मुलाने प्लेस्टेशन ५ आणला होता, गेम सुरू केला की विमानासारखा आवाज. त्याचं घर जिनिंगच्या रस्त्यावर. मी बाजूचं पांढरं आवरण सरकवून काढलं तर पंख्याच्या पात्यांवर रुईचा थर बसलेला, चिमटीत धरून ओढला तर घोंगडीच्या तुकड्यासारखा एकसंध निघाला. आवरणाखाली कोपऱ्यात धूळ साठवायची दोन भोकं असतात, तीही गच्च. मऊ ब्रश आणि व्हॅक्यूमने साफ केलं, पंखा बोटाने धरून ठेवला म्हणजे हवेच्या झोताने उलटा फिरायला नको. आवाज त्याच दिवशी उतरला. याच्या आत मात्र हात घालू नका. चिपवर द्रव धातू लावलेला असतो, तो सांडला तर कन्सोल संपला.

इन्व्हर्टरवर चालेल का?

चालेल, पण साइन वेव्ह इन्व्हर्टर हवा आणि त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर. साध्या मोडवर लाईट जाऊन बॅटरी लागेपर्यंत पंख्याला काही होत नाही, पण कन्सोल तेवढ्यात बंद पडतो.

किती वेळ? १५० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते. घट धरून १२०० धरा. जड गेममध्ये प्लेस्टेशन ५ सुमारे २०० वॅट खातो, टीव्हीचे ८० धरले तर चार तासांच्या आसपास. सिरीज एस ७० ते ८० वॅटमध्ये भागवतो, म्हणजे सात तासांच्या वर. स्विच तर टीव्हीला जोडूनही १०-१५ वॅट. शेतीच्या हंगामात लाईटचा भरवसा नसलेल्या घरासाठी हा फरक कुठल्याही टेराफ्लॉपपेक्षा मोठा आहे.

एक्सबॉक्सच्या नव्या कन्सोलवर अर्धवट राहिलेला गेम एसएसडीवर, म्हणजे लाईट गेली तरी पुसला न जाणाऱ्या साठवणीवर, जसाच्या तसा उतरवून ठेवला जातो, त्यामुळे कन्सोल नीट बंद केल्यावर लाईट गेली तरी सकाळी तिथूनच सुरू होतो. प्लेस्टेशन ५ च्या रेस्ट मोडमध्ये, म्हणजे कन्सोल झोपवलेला असताना, थांबवलेला गेम मेमरीत असतो, लाईट गेली की गेला. म्हणून माझ्या पार्लरमध्ये प्लेस्टेशन रात्री पूर्ण बंद करतो.

बटण दाबल्यावर खेळाडू उशिरा हलतो. हा प्रोसेसरचा दोष ना?

दहांतल्या बऱ्याच वेळा टीव्हीचा. घरच्या घरी तपासा. मोबाईलचा कॅमेरा २४० फ्रेमच्या स्लो मोशनवर लावा आणि अंगठा आणि पडदा दोन्ही दिसतील असा धरा. उडी मारायचं बटण दाबा. मग व्हिडिओ एकेक फ्रेम सरकवत मोजा, बटण खाली गेल्यापासून खेळाडूचे पाय उचलेपर्यंत किती फ्रेम गेल्या. एक फ्रेम म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद. तीस फ्रेम मोजल्या तर १२५ मिलिसेकंद झाले. आता टीव्हीचा गेम मोड चालू करून तेच पुन्हा मोजा. आकडा घसरला तर उशीर टीव्ही करत होता, चित्र सुंदर करण्याच्या नादात. घसरला नाही आणि गर्दीच्या प्रसंगातच वाढत असेल, तर तेव्हा प्रोसेसरकडे बोट दाखवा.

बाजाराच्या दिवशी पार्लरमध्ये कुणी हे मोजायला मोबाईल घेऊन आलं तर सांगा, एक कन्सोल आणि टीव्ही अर्धा तास त्यासाठी मोकळा ठेवेन, पैसे लागणार नाहीत.